ज्याचा विषय, तो बाहेर

शरच्चंद्र वैरागडकरांना त्या जाहीरनाम्यातून काय काय मिळणार होतं, ते आधीच मांडून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको. पहिलं म्हणजे साडेतीन फुटी काळा ग्रॅनाइट आणि त्याच्या तळाशी, ‘अध्यक्ष’ या शब्दापुढे, त्यांचं नाव. दुसरं, सव्वीस नोव्हेंबरला संविधान दिनाच्या कार्यक्रमात एका निवृत्त न्यायमूर्तींच्या शेजारची खुर्ची. तिसरं, तेलीबांध्याला नव्या फ्लॅटात राहायला गेलेल्या व्याह्यांचं तोंड बंद. ते सहा वर्षांपासून भेटतील तिथे विचारत, “काय हो, तुमच्या समाजात भजी सोडून काही होतं का?” चौथी गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, पण मला ठाऊक होती. वीज मंडळात अडतीस वर्षं काढलेल्या या माणसाला एकदा तरी असं काही करायचं होतं, जे फायलीत बांधून कपाटात जाणार नाही. या चौथीपायी मी त्यांना पहिल्या तीन माफ केल्या.

गमवायचं काय होतं? काहीच नाही. जाहीरनाम्यात गमवण्यासारखं काही असतं, हे तेव्हा आमच्यापैकी एकालाच माहीत होतं, आणि ती बाई गालातल्या गालात हसत होती.

महाराष्ट्राबाहेरच्या या हिंदी मुलखात, बूढ़ापाऱ्यातल्या तलावाच्या मागच्या गल्लीत आमच्या स्नेहवर्धक मराठी समाजाची इमारत आहे. एक हॉल, वर वाचनालय, त्याच्यावर माळा, मागच्या अंगाला दोन खोल्या. देशाची घटना लागू झाली त्याच वर्षी हा समाज स्थापन झाला, म्हणून अमृतमहोत्सवात शरदभाऊ, म्हणजे आमचे अध्यक्ष वैरागडकर, प्रत्येक भाषणात सांगत, “देशाची घटना आणि आपला समाज, दोघं एकाच पाळण्यातले.” मी या समाजाचा अकरा वर्षांपासूनचा चिटणीस. इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. सगळे बोलतात तेव्हा मी लिहितो, आणि लिहिताना माणसं फार स्वच्छ दिसतात.

आमच्याकडे एक रीत होती. कार्यकारिणीत ज्या माणसाचा विषय निघेल, त्यानं आपणहून उठून बाहेर ओसरीवर जाऊन बसायचं. ज्याचा विषय, तो बाहेर. सुरुवात झाली ती सभ्यपणातून. माणसाच्या तोंडावर त्याच्याबद्दल बोलायला जुन्या लोकांना संकोच वाटे, आणि ऐकून घ्यायलाही. मग बाहेरच्याला चहा पाठवायचा. चहाबरोबर बिस्किट गेलं तर निकाल बाजूनं, नुसताच चहा गेला तर समजून घ्यायचं आणि कप ठेवून घरी जायचं. पंचाहत्तर वर्षांत बाहेर बसलेल्यांपैकी कोणी दार ढकलून आत आला नाही. आम्हाला याचा अभिमान होता. सिंधी पंचायतीत म्हणे खुर्च्या उडतात!

तर जाहीरनामा. अमृतमहोत्सवानिमित्त माणसाच्या हक्कांबद्दल समाजाची भूमिका दगडात कोरून हॉलमध्ये लावायची, ही शरदभाऊंची कल्पना; ती शब्दांत उतरवायला त्यांनी रमाताईंना गाठलं. रमाताई पुराणिक, वय एकाहत्तर, मुलींच्या कॉलेजात एकतीस वर्षं राज्यशास्त्र शिकवून निवृत्त, आणि बावीस वर्षांपासून आमच्या वाचनालयाच्या प्रमुख. एकतीस वर्षं त्यांनी मानवी हक्क शिकवले आणि एकतीस वर्षं पोरींनी ते फक्त ‘इम्पॉर्टंट’ म्हणून खुणा करून पाठ केले. त्यांना यातून मिळणार होता एक असा श्रोतृवर्ग, जो चहा यायचा असल्यामुळे उठून जाऊ शकत नव्हता.

“रमाताई, असं झणझणीत लिहा की जजसाहेब खुर्चीत सावरून बसले पाहिजेत,” शरदभाऊ म्हणाले.

“ते बसतील हो शरदभाऊ. तुम्ही बसाल की नाही ते पाहा.”

ऑक्टोबरच्या बैठकीत त्यांनी मसुदा वाचला. पाचच ओळी. चार ओळींना सगळ्यांनी माना डोलावल्या, त्या अशा ओळी होत्या की त्यांना मान डोलावल्यावर कोणाला काही करावं लागत नाही. पाचवी ओळ अशी: “या वास्तूत कोणाचेही म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निर्णय होणार नाही, की त्याला येथून काढले जाणार नाही.”

“इथं ‘सभासद’ टाका ना, मावशी,” शिशिर म्हणाला. शिशिर दंडारे आमचा कोषाध्यक्ष, वय चाळीस, सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात कामगारांचे हजेरी-शिस्तीचे प्रश्न बघतो. माणसाला कामावरून काढायचे सतरा प्रकार त्याला पाठ आहेत. “‘कोणाचंही’ म्हटलं तर उद्या दूधवालाही येऊन बसेल. आम्ही कारखान्यात पहिलं हेच शिकलो, कागदावर कधी ‘कोणीही’ लिहायचं नाही.”

“अगदी बरोबर शिकला तू, बाबू. आठशे वर्षांपूर्वी इंग्लंडात हेच झालं.” रमाताईंनी चष्मा काढून पदराला पुसला; धडा सुरू होण्याची ती खूण होती. “बाराशे पंधरा साल. राजा लय माजला होता. सरदारांनी त्याला नदीकाठच्या कुरणात घेरला आन त्याच्याकडून लिहून घेतलं की, कायद्याशिवाय कोणाले पकडणार नाही, कोणाची जमीन घेणार नाही. पण ‘कोणाले’ नाही लिहिलं बरं का. ‘स्वतंत्र माणसाले’ लिहिलं. आता त्या काळात तिथले निम्मे लोक तर वेठीचे कुळ होते. म्हणजे सरदारांनी आपल्यापुरतं कुंपण घातलं.”

“हुशार होते,” शिशिर म्हणाला.

“हुशार होते, पण कागद एकदा चावडीवर लागला की तो सगळ्यांना दिसतो. दीडशे वर्षांच्या आत त्यांच्याच पार्लमेंटनं दुसरा कायदा केला. त्यात म्हटलं, माणूस कोणत्याही थराचा असो, उत्तर द्यायले बोलावल्याशिवाय त्याले घराबाहेर काढता येणार नाही. सरदारांचं कुंपण गेलं. पुढं अमेरिकेत सतराशे शहात्तर साली लिहिलं, सगळी माणसं समान. लिहिणाऱ्याच्या घरी गुलाम होते.”

“अरे वा!” शरदभाऊंना हे आवडलं. त्यांना मोठ्या माणसांच्या लहान गोष्टी नेहमीच आवडत.

“हसू नका. पुढच्या नव्वद वर्षांत तेच वाक्य दाखवून त्या गुलामांनी विचारलं, आम्ही यात आहो का नाही? फ्रान्सनं सतराशे एकोणनव्वदमध्ये माणसाचे आन नागरिकाचे हक्क जाहीर केले. दोन वर्षांनी एका बाईनं उलटून विचारलं, बायका काहून नाही? तिचं तर पुढं डोकंच उडवलं. एकोणीसशे अठ्ठेचाळीसमध्ये साऱ्या जगाचा जाहीरनामा लिहून राहिले होते, तेव्हाही पहिल्या ओळीत ‘सगळे पुरुष’ असंच म्हणणार होते. आपल्या हंसाबेन मेहतांनी तिथं बसून ‘सगळी माणसं’ करायला लावलं. आन आपल्या घटनेत? बोलायचं, फिरायचं स्वातंत्र्य नागरिकाले. पण जीव आन स्वातंत्र्य कोणाचं हिरावता येत नाही? कोणत्याही व्यक्तीचं. नागरिक नाही म्हटलं तिथं. बाहेरून आलेला, रस्त्यावर झोपणारा, कोणीही. घटना करणाऱ्यांनी त्या साऱ्यांचे कागद वाचले होते, शिशिर. कोणी कुठं कुंपण घातलं आन ते पुढं कसं मोडावं लागलं, हे पाहून त्यांनी लिहिलं. मग आपण पुन्हा बाराशे पंधरापासून काहून सुरू करायचं?”

मी लिहीत होतो. हात थांबला, हे कबूल करतो. एवढ्या वर्षांत मी इतिहासाकडे असं पाहिलं नव्हतं. मांडणी तर साधी होती: प्रत्येकानं आपल्या लाभापुरतं लिहिलं, मोठ्या आवाजात लिहिलं, आणि त्या आवाजापायी अडकला. वसुलीला भलतेच आले, ज्यांची नावं लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हती. आणि ती वसुली पुढच्यांनी आपल्या घटनेत पक्क्या शाईनं उतरवून घेतली. याला मी तरी माणसाच्या जातीची कमाई म्हणेन. दुसरी एवढी मोठी मला माहीत नाही.

शिशिर मात्र हटेना. “तरी ‘सभासद’ पाहिजे.”

“टाक. माझी ना नाही,” रमाताई म्हणाल्या. “पण शरदभाऊंचा दगड साडेतीन फुटाचा आहे. मी मोजून लिहिलंय. शब्द वाढला तर खालची एक ओळ कमी करावी लागेल.”

खालची ओळ म्हणजे अध्यक्षांची. शरदभाऊंनी मिनिटभर छताकडे पाहिलं. मग म्हणाले, “शिशिर, ‘कोणाचेही’ मध्ये एक भव्यता आहे रे.”

ठराव मंजूर झाला. दोन नोव्हेंबरच्या सर्वसाधारण सभेतही टाळ्यांच्या गजरात झाला. दगड कोरून आला, आणि सव्वीस तारखेपर्यंत गोणपाटात गुंडाळून हॉलच्या भिंतीला टेकवून ठेवला.

पंधरा तारखेला रमाताई माळ्यावर चढल्या.

माळ्यावर त्यांची एक ठेव होती. त्यांचे यजमान अर्जुनराव दोन वर्षांपूर्वी गेले. वनखात्यात होते, आणि वाचणारे होते, हातात पेन्सिल घेऊन वाचणारे. पुस्तकाच्या समासात ते लेखकाशी भांडत, त्याला शाबासकी देत, कधी त्याच्या नावानं चार ओळींची शेरेबाजी करत. अशी तीनशे बारा पुस्तकं रमाताईंनी समाजाला दिली होती. पण आमच्याकडे स्मृतिप्रीत्यर्थ आलेली पुस्तकं समारंभाशिवाय नोंदवहीत चढत नाहीत. आधी कपाट, कपाटावर नाव, पाहुणे, हार, मग नोंद. तोवर ती रमाताईंनी स्वतःच्या हातानं जुन्या वर्तमानपत्रांत बांधून, सुतळीनं आवळून माळ्यावर ठेवली होती. सव्वीस तारखेला दगडाबरोबर तेही कपाट उघडायचं होतं.

माळा रिकामा होता. झाडून पुसून लख्ख.

नरेशला हाक मारली. नरेश देवांगन आमचा व्यवस्थापक; म्हणजे किल्ल्या, झाडलोट, खुर्च्या, पाण्याची मोटर, चहा, आणि बायका भांडल्या तर समजूत. चौदा वर्षं मागच्या खोलीत बायको भावना आणि मुलगी मीरा यांच्यासह राहतो. मूळचा धमतरीकडचा, पण आमचं मराठी आमच्या पोरांपेक्षा चांगलं समजतो. दिवाळीच्या सफाईत माळ्यावरचं सगळं रद्दीत गेलं, असं त्यानं सांगितलं. पुढं काही बोलायला तोंड उघडलं, पण रमाताई तिथंच पायरीवर बसल्या होत्या, आणि शरदभाऊ ओरडत होते, “एक शब्द बोलू नको! जे बोलायचं ते कमिटीत!”

तेवीस तारखेच्या रविवारी सकाळी बैठक लागली. विषय एकच होता. सगळ्यांना काय होणार ते माहीत होतं, नरेशलाही. त्याच्यासाठी नोकरी आणि छप्पर एकच होतं. एक गेलं की दुसरं गेलंच. भावनानं भांड्यांचं एक पोतं बांधूनही ठेवल्याचं मला आमच्या घरून कळलं होतं.

नरेशनं नेहमीसारखा चहा आणला, सगळ्यांना दिला, शरदभाऊंना बिनसाखरेचा. मग ट्रेमधला शेवटचा कप स्वतःसाठी उचलला आणि तो घेऊन, कोणी सांगण्याआधी, ओसरीवर जाऊन बसला. इतक्या जणांना त्यानं बाहेर चहा नेऊन दिला होता. रीत त्याच्याएवढी कोणालाच माहीत नव्हती. बिस्किटाच्या पुड्याला त्यानं हात लावला नाही.

“लिहा सेक्रेटरी,” शरदभाऊ म्हणाले. “कैलासवासी अर्जुनराव पुराणिक यांचा अमूल्य ग्रंथसंग्रह परस्पर रद्दीत विकल्याबद्दल नरेश देवांगन यांची सेवा समाप्त करण्यात येत आहे. महिनाअखेर खोली रिकामी करावी. सर्वानुमते.”

“विकले किती रुपयाले ते नको का?” शिशिरनं विचारलं.

“तोंड कडू करू नको, शिशिर. रमाताईंसमोर भाव काढतो का पुस्तकांचा?”

मी लिहिलं. ‘सर्वानुमते’ लिहिताना सवयीनं एकेकाकडे पाहिलं. रमाताई दाराकडे पाहत होत्या. आठ दिवसांत त्यांचा चेहरा सुकला होता. माझं काम ओळी लिहिण्याचं, मनातलं वाचण्याचं नाही. पण एवढं सांगतो, त्यांना त्या क्षणी गप्प बसण्यातून सगळं मिळत होतं. राग निघत होता, न्याय झाल्यासारखा दिसत होता, सगळा समाज त्यांच्या बाजूनं होता. गप्प बसणं पूर्ण फुकट होतं.

“थांबा,” त्या म्हणाल्या. “नरेशले आत बोलवा.”

“काहून?”

“त्याचं ऐकलं नाही आपण.”

“रमाताई!” शरदभाऊंना कळेना हसावं की काय करावं. “अहो, तुमच्यासाठीच करून राहिलो ना हे सगळं! नुकसान तुमचं, तक्रार तुमची.”

“म्हणूनच. मी एकटीच बोलली आतापर्यंत.”

“मावशी, तो सभासद नाही,” शिशिर समजावणीच्या सुरात म्हणाला. “नोकर आहे. कमिटीची मर्जी.”

रमाताई उठल्या. गुडघे दुखतात त्यांचे; त्या उठेपर्यंत सगळे थांबले. भिंतीपाशी जाऊन त्यांनी गोणपाट बाजूला केलं आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. ग्रॅनाइटला एक वाईट खोड असते, तो मोठ्यानं वाचावा लागत नाही.

शिशिरनं वाचलं. “ते... ते कार्यक्रमासाठी आहे हो.”

“त्या सरदारांलेही तसंच वाटलं होतं.”

“पण आपली रीत!” शरदभाऊ कळवळून म्हणाले. “पंचाहत्तर वर्षांची रीत आहे, ताई. विषय ज्याचा...”

“रीत चांगल्या मनानं सुरू झाली, भाऊ. मी नाही म्हणत नाही. पण पंचाहत्तर वर्षांत बाहेर बसलेला एकही माणूस आपल्याले खोटं ठरवू शकला नाही, याचा अर्थ आपण दरवेळी खरे होतो असा आहे का?” मग जरा खालच्या आवाजात, “हे पाहा, मले त्याचं तोंडही पाहायची इच्छा नाही आज. ते वाक्य मी आवडत्या माणसांसाठी लिहिलं असतं तर लिहायची गरजच नव्हती.”

शरदभाऊंनी बराच वेळ दगडाकडे पाहिलं. माझा अंदाज, वरच्या ओळीपासून सुरू करून ते आपल्या नावापर्यंत आले. तिथं थांबले. न्यायमूर्तींसमोर तीन दिवसांनी हाच दगड उघडायचा होता. आणि एक गोष्ट त्यांच्या बाजूनं लिहितो, त्यांनी उसासा टाकला नाही. उठले, स्वतः दारापर्यंत गेले आणि म्हणाले, “नरेश, आत ये. कप घेऊनच ये.”

नरेश आत आला पण बसेना. इथं बसतात ते कमिटीवाले, आणि उभं राहतो तो चहावाला. तिसरी जागा त्याला माहीत नव्हती. शिशिरनं पायानं एक खुर्ची पुढे सरकवली.

“बोल,” रमाताई म्हणाल्या.

“क्या बोलूँ दीदी... आपने ही पर्ची दी थी। माळ्यावरची सगळी वर्तमानपत्रं रद्दीत द्या.” त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. रमाताईंचंच अक्षर. “ऊपर गया तो सब पेपर में बंधा हुआ। एक गट्ठा उठाया, भारी लगा। मले वाटलं आत किताब हाय. मैंने आपको फोन किया।”

“मले?”

“हव दीदी। धनतेरस के दो दिन पहले, दोपहर में। मैं बोला, भीतर किताब जैसा लग रहा है, खोलके देखूँ क्या। आप बोले, हव हव, दे सगळं, मी कामात आहे.”



इथं एक हिशेब सांगायलाच पाहिजे. फोनला साक्षीदार नव्हता. सव्वा महिना झाला होता. एकाहत्तर वर्षांची, सगळ्या बूढ़ापाऱ्यात जिच्या शब्दाला मान अशी बाई एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्या सांभाळणारा माणूस. रमाताई नुसत्या “मला आठवत नाही” म्हणाल्या असत्या तरी ते खोटं ठरलं नसतं, आणि नरेश संपला असता. शरदभाऊ तर ती वाट त्यांना काढूनच देत होते: “ताई, तुमच्या लक्षात नसेल...”

“आहे लक्षात,” रमाताई म्हणाल्या. “आला होता फोन. टेबलावर तीन पुस्तकं उघडी होती. मी जाहीरनामा लिहून राहिली होती.” मग नरेशकडे पाहून, “तो काय म्हणाला, मी ऐकलंच नाही.”

शिशिरनं खिशातला रुमाल काढला आणि उगाच कपाळ पुसलं.

“तर मग आठ दिवस गप्प काहून बसला रे पोट्ट्या?” शरदभाऊंचा आवाज चढला, पण त्यात आता धार नव्हती.

“बोलने कौन दिया, काका? आपही बोले, कमिटी में बोलना। और कमिटी में तो... मी बाहेर.” नरेश पहिल्यांदाच थोडा हसला. मग ते हसू गेलं. “एक बात और है दीदी। आप जिस दिन सीढ़ी पे बैठे थे ना, मैं उसी शाम कबाड़ीवाले के पास गया। ज़्यादातर माल निकल गया था। जो बचा था, लेके आया। एकतीस आहेत. हमारी खाट के नीचे रखी हैं।”

“आणि दिली नाही?” मी चिटणीस असून मध्ये बोललो.

“भावना बोली, मत देना। ले जाओगे तो बोलेंगे, देखो, चोरी का माल इसी के घर में निकला।”

बरोबर बोलली होती. मी हातातल्या वहीकडे पाहिलं. आम्ही नेमकं तेच म्हटलं असतं, आणि मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं असतं. ज्या पुस्तकांसाठी आम्ही शोकसभा भरवल्यासारखे बसलो होतो, त्यातली एकतीस भिंतीपलीकडे, पंचवीस पावलांवर होती. रीतीप्रमाणे झालं असतं तर ती महिनाअखेर भांड्यांच्या पोत्याबरोबर धमतरीला गेली असती, किंवा जाता जाता तलावात.

नरेश पुस्तकं घेऊन आला. शिशिर मदतीला गेला. त्याला बसवत नव्हतं. रमाताईंनी वरचं एक उघडलं. वनस्पतींवरचं कसलंसं होतं. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘हे साफ चूक. लेखकाने सालवृक्ष कधी जवळून पाहिला नसावा.’ त्या हसल्या आणि पुस्तक मिटलं. उरलेल्या दोनशे एक्याऐंशी पुस्तकांत अर्जुनराव अजून कोणाशी काय भांडले होते, ते आता कोणाला कळणार नव्हतं.

“सेक्रेटरी,” त्या म्हणाल्या, “ठराव खोडा. खाली लिहा: तक्रार रमा पुराणिक यांची होती. चूकही त्यांचीच होती. नरेश देवांगन यांनी विचारणा केली होती, ती ऐकली गेली नाही.”

मी लिहायला घेतलं. सवयीनं ‘अनवधानाने’ असा शब्द घातला. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं. “तो शब्द काढा.”

“ताई, राहू द्या ना,” शरदभाऊ म्हणाले. “इतिवृत्त आहे, पुढं वाचतील लोक.”

“वाचावं म्हणूनच.”

शब्द काढला. पुढचा ठराव शरदभाऊंनी स्वतः सुचवला, कोणी ढकललं नाही: यापुढे ज्याचा विषय असेल, तो बैठकीत बसेल आणि शेवटी बोलेल. शिशिरनं अनुमोदन दिलं आणि वर म्हणाला, “आन कमिटीच्या आधी त्याच्या हातात कागद द्यायचा, आरोप काय ते लिहून. आम्ही कारखान्यात देतो. तिथं फॉर्मॅलिटी म्हणून देतो, इथं खरोखर देऊ.” मला वाटतं, सिलतऱ्याचा शिशिर त्या दिवशी बूढ़ापाऱ्यात प्रथमच कामाला आला.

रमाताई खुर्ची धरून उठल्या, नरेशसमोर गेल्या. तो गडबडून उभा राहिला.

“माफ कर मले,” त्या म्हणाल्या. सगळ्यांसमोर, खणखणीत, वर्गात बोलावं तसं.

“अरे दीदी, क्या... ऐसा मत बोलो।”

“बोलू दे. तू बोलला, आता मी बोलते.”

सव्वीस तारखेचा कार्यक्रम झाला. न्यायमूर्ती आले, दगड उघडला, भजी झाली. व्याही पण आले होते. पाचव्या ओळीपाशी न्यायमूर्ती थांबले आणि विचारलं, “हे नुसतं लिहिलंय की चालतं?” शरदभाऊ म्हणाले, “चालतं. रविवारीच चाललं.” आणि आणखी काही न सांगता पुढे सरकले. आपल्या तोंडचा घास असा सोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आता या सगळ्याची किंमत कोणी किती भरली, ते लिहितो.

शरदभाऊंनी एक रीत भरली, वडिलांच्या वेळची. वडील समाजाच्या पहिल्या कमिटीत होते, म्हणून ती त्यांना साधी गेली नाही. शिशिरनं आपला एक शहाणपणाचा नियम भरला, तो कारखान्यात त्याला अजून लागतो आहे. मी एक शब्द भरला आणि अकरा वर्षांच्या इतिवृत्तांवरचा विश्वास. मागची पानं उलटताना आता प्रत्येक ‘सर्वानुमते’पाशी बाहेर बसलेला एक माणूस दिसतो, आणि त्यातले चौघे आता हयात नाहीत. नरेशनं आठ दिवसांची झोप भरली. भावनानं मीराला त्या आठ दिवसांत मामाकडे धमतरीला पाठवून दिलं होतं, पोरीनं खोली सुटताना पाहू नये म्हणून. मीराची गणिताची चाचणी बुडाली, आणि शाळेनं ती परत घेतली नाही. तिचा या सगळ्यात काडीचा संबंध नव्हता, तरी तिनं भरलं.

आणि रमाताईंनी भरलं ते असं: दोनशे एक्याऐंशी पुस्तकांतला नवरा, आणि बावीस वर्षांत कमावलेला ‘रमाताई चुकत नाहीत’ हा लौकिक, दोन्ही एका सकाळी, स्वतःच्याच वाक्यापायी. सगळ्यांत जास्त त्यांनीच भरलं. आणि भरा म्हणून त्यांना कोणी म्हटलंही नव्हतं.